एन्काचे सोवळे

पहिल्यानेच एक कबुली देऊन टाकतो. २००४ साली एका तालुक्याच्या गावी, तेथील ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत, मी जपानी गाण्यावर बोललो. बोलण्याचा अधिकार एवढाच, की घरी चाळीसपन्नास जपानी तबकड्या होत्या आणि त्या मी आवडीने ऐकत असे. व्याख्यानात मिसोरा हिबारी या गायिकेचे एक गाणे ऐकवले आणि म्हणालो, "ऐका! दोन अणुबाँब पडले, अमेरिकन फौजा सात वर्षे उरावर बसल्या; पण या माणसांनी आपला हजार वर्षांचा भूप सोडला नाही. आणि आपण?" त्या 'आणि आपण?'ला जी टाळी पडली ती माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी टाळी. आज सांगतो, त्या बोलण्यातले बाँब आणि फौजा तेवढ्या खऱ्या होत्या. बाकी सारे खोटे.

हे पाप मी मनातल्या मनात फेडून गप्प बसलो असतो. परंतु गेल्या वर्षी ओसाकात अकरा वर्षे नोकरी करून परतलेल्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात नेमके तेच वाक्य, तसाच हात पसरून, मला ऐकावे लागले. "अहो, एन्का म्हणजे जपानचा आत्मा! त्यांनी जपला, आपण ऑर्केस्ट्रात बुडवला." समोर बसलेली आठदहा शहाणी माणसे माना डोलावीत होती. स्वतःचे जुने खोटे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याइतके लाजिरवाणे काही नसते. तेव्हा आता गप्प बसणे नाही.

एन्का ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन. लय संथ. बहुधा दुःखी सुरावट. मागे गिटार किंवा सॅक्सोफोन हुंदके देत असतो. समोर किमोनो नेसलेली बाई, किंवा सुटाबुटातला पुरुष. गाण्यात बंदर असते, बर्फ असतो, साकेचा पेला असतो, सोडून गेलेला कोणीतरी असतो आणि फार मागे राहिलेले गाव असते. गळ्यातून मधूनच एक चटकन वळसा येतो. त्याला ते 'कोबुशी' म्हणतात, आपण मुरकी म्हणू. लांबवलेल्या सुराच्या शेवटी मुद्दाम दिलेला एक रुंद कंप असतो. हे सगळे ऐकल्यावर मराठी माणसाला ते ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटले की आपण ते प्राचीन समजतो. माझी चूक येथूनच सुरू झाली.

आता या प्राचीनतेची शहानिशा करू. प्रथम शब्द. 'एन्का'मधला 'एन' हा 'एन्झेत्सु'मधला, आणि एन्झेत्सु म्हणजे भाषण. जपानात १८७० नंतर स्वातंत्र्य व लोकहक्कांची चळवळ उभी राहिली. संसद हवी, राज्यघटना हवी म्हणून तरुण गावोगाव भाषणे करीत फिरू लागले. सरकारने १८८० साली सभांवर निर्बंध घालणारा हुकूम काढला. व्यासपीठावर पोलीस बसू लागला आणि वाटेल तेव्हा वक्त्याला खाली उतरवू लागला. मग तेच भाषण गाण्यात घालून रस्त्यावर म्हणायचे, ही युक्ती निघाली. ते एन्का. म्हणजे जपानच्या आत्म्याचा पहिला अवतार हा पोलिसांना चकवणारा भाषणबाज होता! कावाकामी ओतोजिरो नावाचा एक उपद्व्यापी नट कपाळाला पट्टी बांधून, हातात पंखा घेऊन 'ओप्पेकेपे' नावाचे तडातड म्हटलेले, नवश्रीमंतांची आणि सरकारी बड्या धेंडांची टर उडवणारे गाणे म्हणत असे. त्याच्याच मंडळींनी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळी केलेली ध्वनिमुद्रणे ही जपानी आवाजाच्या अगदी आरंभीच्या मुद्रणांपैकी होत. ती ऐकली तर त्यात अश्रू नाहीत, बंदर नाही, बर्फ नाही. आपल्या शाहिराचा किंवा जलशातल्या सोंगाड्याचा तो सख्खा भाऊ शोभेल.

पुढे सोएदा आझेन्बो (१८७२–१९४४) सारख्या माणसांनी ही रस्त्यावरची परंपरा चालवली. महागाईवर, लाचखाऊ पुढाऱ्यांवर, युद्धावर गाणी रचायची, चौकात म्हणायची आणि छापील कागद विकून पोट भरायचे. नंतरच्या पिढीच्या हातात व्हायोलिन आले. राजकारण हळूहळू ओसरले आणि प्रेमभंग वर आला. पुढे तबकडी आली, रेडिओ आला आणि हे रस्त्यावरचे गायक उपाशी मरू लागले. शब्दही त्यांच्याबरोबर मागे पडला. तो पुन्हा कोणी व कशासाठी उचलला ते पुढे सांगतो. कारण खरी लबाडी तेथे आहे.

त्याआधी त्या 'हजार वर्षांच्या भूपा'चा निकाल लावला पाहिजे. या गाण्यांत मध्यम आणि निषाद वर्ज्य असतो हे खरे. सा रे ग प ध, आपला भूपच. जपानी त्याला 'योनानुकी' म्हणतात. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात, 'नुकी' म्हणजे गाळलेले. चौथा आणि सातवा सूर गाळलेली सुरावट. पण नावातच पाहा: चौथा आणि सातवा म्हणायला आधी सातांची मोजदाद हवी. सात सुरांची पाश्चात्त्य पट्टी समोर ठेवून, तीतले दोन सूर काढून टाकलेल्या माणसाने दिलेले हे नाव आहे. एखाद्या घराला 'दोन खोल्या पाडलेला वाडा' असे नाव असेल तर ते वाडा पाहिलेल्याने ठेवले असणार, हे सांगायला पुराणवस्तुसंशोधक लागत नाही.

आणि घडलेही तसेच. इसावा शूजी नावाचा तरुण शिक्षणतज्ज्ञ १८७५ साली सरकारने अमेरिकेला पाठवला. तेथे इतर सर्व विषयांत तो चालला. गाण्यात मात्र अडला. पाश्चात्त्य सप्तक त्याच्या गळ्याला बसेना. बॉस्टनच्या शाळांतून संगीत शिकवणाऱ्या लूथर व्हाइटिंग मेसन यांनी त्याला शिकवले. इसावा परतला; १८७९ मध्ये सरकारने संगीताच्या चौकशीसाठी एक कचेरी उघडली आणि १८८० मध्ये मेसनसाहेबांनाच जपानला बोलावून घेतले. या दोघांनी शाळांसाठी जो पहिला गीतसंग्रह केला त्यात स्कॉटलंडच्या 'ऑल्ड लँग साइन'ची चाल जपानी शब्दांत बसवली आहे. का? कारण ती पाचच सुरांची आहे. जपानी मुलांच्या गळ्याला अडचण नाही. आज जपानी माणसाच्या डोळ्यांत शाळेच्या निरोपसमारंभात पाणी येते ते या स्कॉटिश चालीवर. मी २००४ साली ज्याला हजार वर्षांचा भूप म्हटले तो एका बोस्टनकर मास्तराने आणि त्याच्या शिष्याने शाळेच्या फळ्यावर आणलेला भूप होता. पाच सुरांची गाणी जपानात आधीही होती, याबद्दल वाद नाही. पण या पाचांची ही मांडणी, हा षड्ज, या सुरांखाली उभे केलेले हे पाश्चात्त्य स्वरसंवाद, ही सरकारी शाळेची कमाई आहे.

दुःखी एन्काची सुरावट याहून मनोरंजक आहे, आणि येथे मला प्रतिपक्षाला थोडे दान दिले पाहिजे. एदो काळातल्या शामिसेनच्या गाण्यांत एक सुरावट खरोखरच जुनी आहे: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. म्हणजे आपली गुणक्री. पहाटे गुणक्री ऐकलेल्या माणसाला जुन्या जपानी गाण्याने गलबलून यावे यात नवल नाही. आता ज्याच्याजवळ पेटी असेल त्याने एक प्रयोग करून पाहावा. गुणक्रीच्या मध्यमाला षड्ज माना आणि तेच पाच सूर वाजवा. सा, रे, कोमल ग, प, कोमल ध. मूर्च्छना बदलली, घर बदलले, आणि निघाली ती एन्काची हुकमी रडकी सुरावट. जुने सूर तेच. पण बैठक पाश्चात्त्य 'मायनर'ची. म्हणून तिच्याखाली गिटार सुखाने नांदते. शुद्ध गुणक्रीखाली ती नांदली नसती. एन्काची सारी जादू या मूर्च्छनेत आहे असे मला वाटते. ती प्राचीन नाही आणि उसनीही नाही. दोन घरांच्या मधल्या भिंतीवर बसलेली आहे. तिला एका घरात ओढून आणि दाराला कडी लावून 'ही आमचीच' म्हणणे याला काय म्हणावे?

या मिश्रणाचे पहिले गाजलेले फळ १९१४ साली तोक्योच्या रंगभूमीवर दिसले. नाटक कोणते? टॉलस्टॉयचे 'पुनरुत्थान'. नटी मात्सुइ सुमाको, संगीतकार नाकायामा शिम्पेइ. नाटकाच्या दिग्दर्शकाने शिम्पेइला बजावले होते, की चाल जपानी लोकगीत आणि पाश्चात्त्य गीत यांच्या मधली हवी. शिम्पेइने ती पाच सुरांत बांधली आणि सारा देश ते गाणे म्हणू लागला. रशियन कादंबरीतली परित्यक्ता कात्यूशा ही एन्कातल्या सगळ्या सोडून दिलेल्या बायकांची मूळ आजी आहे. माझ्या ओसाकाकर स्नेह्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "असेल, पण पुढे ते जपानी झालेच ना?" झाले. नक्कीच झाले. पण मग 'झाले' म्हणा. 'होतेच' कशाला म्हणता?

आता कोगा मासाओ. (जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी लिहितो आहे.) एन्काचा जनक म्हणून ज्याचा फोटो लावतात तो हा माणूस १९०४ साली क्यूशू बेटावर जन्मला. बाप लवकर गेला. सातआठ वर्षांचा असताना आई त्याला घेऊन कोरियाला गेली. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. मोठा भाऊ तेथे पोटापाण्याला लागलेला होता. कोगाचे पोरपण इंचॉन आणि सेऊल येथे गेले. ज्या वयात कान तयार होतो त्या वयात त्याच्या कानावर कोरियन माणसांची गाणी पडत होती. मग तोक्योला विद्यापीठात आला आणि तेथे त्याने कशाची मंडळी काढली? मॅन्डोलिनची! १९२९ साली स्पेनचा सेगोव्हिया तोक्योत गिटार वाजवून गेला. त्या वादनाने कोगा भारून गेला. मॅन्डोलिन इटलीचे, गिटार स्पेनची, कानात कोरिया, पट्टी शाळेतली. अशा माणसाने १९३१ साली कोलंबिया कंपनीसाठी एक चाल केली. दारू म्हणजे अश्रू की सुस्कारा, असे तिचे नाव.

ती गायली फुजियामा इचिरोने. हा सरकारी संगीतविद्यालयात पाश्चात्त्य गायन शिकणारा विद्यार्थी. पैशांसाठी टोपणनावाने गात होता. विद्यालयाला कळले तेव्हा त्याला शिक्षा झाली. त्याने ते गाणे छातीतून गायले नाही. ओठांशी आणलेल्या मायक्रोफोनात कुजबुजला. तेव्हा अमेरिकेत ही तऱ्हा नवीनच निघाली होती, आणि विजेच्या ध्वनिमुद्रणाशिवाय ती शक्यच नव्हती. विजेचे यंत्र जपानला कोणी आणले? व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी, १९२७ च्या सुमारास, परदेशी भांडवलासह. एन्काचा तो काळजाजवळ येऊन बोलणारा आवाज, ज्याला माझे स्नेही 'आत्म्याची कुजबुज' म्हणाले, तो तांब्याच्या तारेतून आलेला आहे. मला यात काही हलके वाटत नाही. उलट, तार आल्याबरोबर तिच्यातून रडता येते हे ज्याला उमगले तो मोठाच कलावंत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या सगळ्या काळात या गाण्यांना कोणी 'एन्का' म्हणत नव्हते. त्यांना 'र्युकोका' म्हणजे चालती गाणी म्हणत, पुढे 'कायोक्योकू' म्हणू लागले. आणि प्रतिष्ठित मंडळी त्यांच्याकडे नाक मुरडून पाहत. मिसोरा हिबारी जेव्हा १९४९ साली बारा वर्षांची पोर म्हणून पडद्यावर आली तेव्हा ती काय गात होती? बूगी-वूगी! तिची पहिली तबकडीच बूगीची. पोरीने बाईसारखे गावे याचा शिष्टांना विटाळ झाला. वर्तमानपत्रांतून तिच्यावर टीकेची झोड उठली. १९६५ मध्ये नॅट किंग कोल वारला तेव्हा तिने त्याच्या स्मरणार्थ जाझ गाण्यांची एक संपूर्ण तबकडी काढली. १९६७ मध्ये आखूड झगा घालून, विजेच्या गिटारवाल्या तरुणांच्या टोळीपुढे उभी राहून, तिने लालभडक सूर्याचे गाणे गायले. मधल्या १९६६ मध्ये कोगाचेच 'कानाशी साके' हे दुःखी दारूचे गाणे तिने गायले. ते ती रंगमंचावर गाताना खरोखर रडे आणि सूर मात्र हलत नसे. १९८९ मध्ये बावन्नाव्या वर्षी ती गेली. तिला लोकसन्मानाचा सरकारी किताब मिळाला आणि 'एन्काची सम्राज्ञी' ही पदवी कायमची चिकटली. त्या पदवीखाली तिची बूगी गेली, जाझ गेला, आखूड झगाही गेला. उरला किमोनो. माझ्या व्याख्यानात मीही किमोनोतलाच फोटो दाखवला होता.

तीच गत नानिवाबुशीची. शामिसेनच्या साथीवर वीरांच्या, गुंडांच्या, कर्जात बुडालेल्यांच्या कथा घोगऱ्या आवाजात सांगणारी ही ओसाकाकडची कथनकला. तिची जात रस्त्यावरची. एन्कातला तो दाबलेला, घशातून फिरवलेला सूर पुष्कळसा येथून आला. मुराता हिदेओ आणि मिनामी हारुओ हे दोघेही मूळचे नानिवाबुशीचे गायक. धंदा बसल्यावर १९५७-५८ च्या सुमारास तबकडीकडे वळले. मुराताचे १९६१ चे 'ओशो' हे एका निरक्षर बुद्धिबळपटूवरचे गाणे. दहा लाखांवर तबकड्या खपल्या. त्याचे शब्द लिहिणारा साइजो यासो हा फ्रेंच साहित्याचा प्राध्यापक! म्हणजे एका बाजूला चव्हाट्यावरचा घसा आणि दुसऱ्या बाजूला पॅरिसमध्ये शिकून आलेला पंडित. ज्या विद्वानांना नानिवाबुशीचा आवाज ऐकून शिसारी येत असे त्यांच्याच वारसांनी पुढे तो 'राष्ट्राचा आवाज' ठरवला. गरिबाच्या घरातली वस्तू पुराणवस्तुसंग्रहालयात गेली की ती सर्वांची होते, पण गरिबाला ती पाहायला तिकीट काढावे लागते.

आता ती लबाडी. १९६० नंतर जपानी गाण्याचा कारखाना बदलू लागला. तोवर कवी, संगीतकार, गायक सगळे एकेका कंपनीच्या करारात बांधलेले असत. बीटल्सच्या वाऱ्याने तरुणांच्या टोळ्या आल्या, गिटार घेऊन स्वतःच लिहून स्वतःच गाणारे आले, बाहेरचे कवी आले. कारखान्याच्या जुन्या पद्धतीची गाणी एकाएकी 'जुनी' झाली. जुन्या मालाला नवे नाव लागते. १९६६ साली इत्सुकी हिरोयुकी या लेखकाने 'एन्का' नावाची कथा लिहिली. तेथे 'एन' या अक्षराचा अर्थ त्याने शृंगार असा घेतला. १९६९ मध्ये फुजी केइको नावाची अठरा वर्षांची मुलगी पुढे आली. आईबाप फिरते नानिवाबुशी गायक, आई दृष्टी गेलेली शामिसेनवाली. चेहरा निर्विकार, आवाज खरवडलेला. तिच्या पहिल्या मोठ्या तबकडीच्या नावातच कंपनीने 'एन्काची तारका' असे छापले. ती तबकडी वीस आठवडे आणि लगेच तिची दुसरी सतरा आठवडे, असे सलग सदतीस आठवडे १९७० साली ती खपाच्या यादीत पहिली होती. इत्सुकीने तेव्हा लिहिले, की हिच्या गाण्यातला 'एन' हा रोषाच्या, गाऱ्हाण्याच्या अक्षराने लिहावा. एकाच उच्चाराची तीन अक्षरे: भाषण, शृंगार, रोष. शब्द कसा नाचवावा तसा नाचला. आणि शेवटी कंपन्यांच्या यादीत भाषणाचे अक्षर कायम झाले. त्या बिचाऱ्या रस्त्यावरच्या भाषणबाजांच्या नावाने आता किमोनोतली गाणी विकू लागली.

यात डाव्या विचारांच्या लेखकांचा हात मोठा होता, हे मला विशेष बोचते. विद्यापीठांतली बंडे फसत होती. त्या तरुणांना शिष्टांनी झिडकारलेल्या, बारमधल्या, गुंडांच्या, वेश्यांच्या गाण्यात 'खरा जपान' दिसला. दिसला तो प्रामाणिकपणे दिसला असेल. पण दहा वर्षांत त्याच गाण्यावर सरकारी आणि व्यापारी हात पडले आणि 'खरा' या शब्दातले बंड गळून पडून नुसता 'जपान' उरला. 'निहोन नो कोकोरो', जपानचे हृदय, हा शिक्का त्यावर बसला. वाजिमा युसुके या अभ्यासकाने २०१० साली या शिक्क्याची जन्मकथा एका छोट्या पुस्तकात लिहिली. पुस्तकाच्या नावातच त्याने 'घडवलेली दंतकथा' असा शब्द घातला आहे. ते माझ्या व्याख्यानानंतर सहा वर्षांनी आले, ही सबब मी सांगणार नाही. कोगाचे चरित्र तेव्हाही उपलब्ध होते.

"असे नाव मागाहून पडले तर बिघडले काय?" हा प्रश्न मला त्या दिवाणखान्यात विचारला गेला. बिघडते काय ते समुद्रापलीकडे जाऊन पाहावे. कोरियात याच कुळीचे एक गाणे आहे. त्याला 'ट्रॉट' म्हणतात, आणि तो शब्द फॉक्सट्रॉट या नाचावरून आलेला. १९६४ साली ली मी-जा या गायिकेचे 'दोंगबेक आगासी' हे गाणे कोरियाभर गाजले. १९६५ मध्ये सरकारने त्याचे प्रसारण बंद केले. आरोप असा, की चालीला 'जपानी रंग' आहे. बंदी उठली १९८७ मध्ये! बावीस वर्षे एका बाईचे सर्वांत लाडके गाणे देशद्रोही होते. आणि त्याच सुमारास, म्हणजे १९७७ मध्ये, जपानात ली सुंग-ए या कोरियन गायिकेची तबकडी विकली जात होती ती 'एन्काचे उगमस्थान शोधताना' अशा जाहिरातीवर! तेच पाच सूर. एका किनाऱ्यावर ते परक्याची घाण, दुसऱ्या किनाऱ्यावर ते स्वतःचे हृदय. आणि मधूनच कोणीतरी म्हणतो, हृदय मूळचे त्या किनाऱ्याचे. कोगाचे पोरपण मधल्या समुद्रात बुडाले. मियाको हारुमी ही क्योतोची गायिका. तिचे वडील कोरियन. उत्तरेकडच्या खाणावळीत बसून, परत न येणाऱ्या पुरुषासाठी स्वेटर विणणाऱ्या बाईचे तिचे गाणे १९७६ साली जपानचे सर्वोत्तम गाणे ठरले. ज्याने 'हृदय' शब्दावर राष्ट्राची मोहोर मारली त्याने तिच्या वडिलांना कोठे बसवायचे ठरवले होते?

आणि २००८ मध्ये जेरो आला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा काळा तरुण, डोक्यावर तिरकी टोपी, ढगळ कपडे, आणि गळ्यातून निखळ कोबुशी. त्याची आजी जपानी. तिने त्याला लहानपणी ही गाणी ऐकवली. पहिल्याच वर्षी तो नववर्षाच्या पूर्वसंध्येच्या 'कोहाकू' या रेडिओ-दूरदर्शनवरील सोहळ्यात गायला, जो १९५१ पासून सारा जपान घरी बसून ऐकतो. लोक आश्चर्य करू लागले: याला जपानी आत्मा कसा साधला? आजीकडून नातवाला गाणे मिळाले, यात आश्चर्य कसले? आश्चर्य वाटण्यासाठी आधी आत्म्याचा सिद्धान्त मानावा लागतो.

आपण हसू नये. ऑल इंडिया रेडिओवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. का, तर ती परदेशी, तिचे सूर हिंदी संगीताला बाटवतात. या बंदीच्या मागे पुढाकार रेडिओवरच्या इंग्रज अधिकाऱ्यांचा. आपल्या शुद्धतेची काळजी आधी साहेबाला लागली, मग आपल्या पुढाऱ्यांना. तेवढी तीस वर्षे गोविंदराव टेंब्यांच्या या महाराष्ट्रात नाटकाच्या खड्ड्यातून, कीर्तनातून, घराघरातून पेटी वाजत राहिली. गोविंदराव १९५५ साली गेले. ती उठलेली बंदी त्यांना पाहायला मिळाली नाही.

मला एक प्रामाणिक आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. माझ्या स्नेह्यांच्या पत्नी त्या दिवशी शेवटी म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही सगळे सोलून ठेवलेत. पण आमच्या शेजारची म्हातारी तें गाणे म्हणताना रडायची, ते काय खोटे?" नाही, वहिनी. ती म्हातारी खरी. तिच्यासारख्या लाखो पोरी आणि पोरगे १९५५ नंतर शाळा सुटताच उत्तरेकडच्या खेड्यांतून गाड्या भरभरून तोक्योच्या उएनो स्टेशनावर उतरले, कारखान्यांत आणि दुकानांत राबले. त्या स्टेशनावर १९६४ साली एक गाणेही निघाले. इशिकावा सायुरीच्या १९७७ च्या गाण्यातली बाई उएनोहून निघणाऱ्या रात्रीच्या गाडीने उत्तरेला परत जाते आणि पहाटे सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या जहाजावर चढते. ते जहाज १९८८ मध्ये समुद्राखालून बोगदा झाल्यावर बंद पडले. पण गाणे ऐकणाऱ्याला अजून थंडी वाजते. ते दुःख प्राचीन नाही. त्याला तारीख आहे, स्टेशन आहे, पगार आहे. 'राष्ट्राचा सनातन आत्मा' म्हटले की नेमके ते स्टेशन पुसले जाते. मी म्हातारीचे रडणे सोलीत नाही; तिच्या रडण्यावर दुसऱ्याने लावलेली पाटी सोलतो आहे.

'मग सगळेच बनावट', असे म्हणणारेही एक टोळके हल्ली निघाले आहे. त्यांच्याशीही माझे पटत नाही. मुराताचा घसा बनावट नव्हता. तो वर्षानुवर्षे गुरूच्या मागे बसून, कथा सांगून, रक्त ओकून तयार होतो. नाव कचेरीत पडले म्हणून मुरकी कचेरीत तयार होत नाही.

स्नेह्यांनी मला जाताना विचारले, "म्हणजे हिबारी ऐकायची नाही का आता?" मी म्हटले, ऐकायची, पण आधी १९४९ ची बूगी लावा. त्यांच्याकडे ती नव्हती. माझ्याकडची देतो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.

राहिले ते माझे व्याख्यान. त्या ग्रंथालयाच्या चिटणिसांना मी पत्र लिहिले, की ध्वनिफीत असेल तर पुसून टाका. त्यांचे उत्तर आले: फीत बुरशीने केव्हाच गेली, परंतु व्याख्यानाचा सारांश त्या वर्षीच्या अहवालात छापला होता, आणि 'हजार वर्षांचा भूप' हे शब्द ठळक टाइपात आहेत. उरलेल्या अकरा प्रती त्यांनी माझ्याकडे पाठवल्या. त्या पानावर मी लाल शाईने दुरुस्ती करून त्या परत केल्या आहेत. बाकीच्या कोणाच्या घरी आहेत हे चिटणिसांना ठाऊक नाही.